नकाशा बरोबर होता

ज्वालामुखी जितका मोठा, तितके त्याचे बळी अधिक, असे आपण गृहीत धरतो. गेल्या शतकाच्या अखेरीस सहा वर्षांच्या आत घडलेल्या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या की हा समज टिकत नाही. 13 नोव्हेंबर 1985च्या रात्री कोलंबियातील नेवाडो देल रुईझ या बर्फाच्छादित पर्वताचा उद्रेक झाला. आकाराने तो बेताचाच होता, तरी त्याने 23 हजारांहून अधिक माणसांचा जीव घेतला. 15 जून 1991 रोजी फिलिपाइन्समधील पिनाटुबो फुटला. त्यातून बाहेर पडलेले द्रव्य रुईझच्या शेकडो पट होते आणि विसाव्या शतकातील त्याहून मोठा उद्रेक एकच, 1912 साली अलास्कात झालेला. पिनाटुबोच्या आसपास सुमारे दहा लाख लोक राहत होते. तरीही उद्रेकाच्या त्या दिवसांतील मृतांची संख्या शेकड्यांतच राहिली. रुईझच्या वेळी शास्त्रज्ञ गाफील होते आणि पिनाटुबोच्या वेळी हुशार झाले, एवढ्यावर या फरकाचा उलगडा होत नाही. रुईझचा धोका शास्त्रज्ञांनी महिनाभर आधी नकाशावर रेखून दिला होता आणि तो नकाशा जवळजवळ तंतोतंत बरोबर ठरला. उणीव होती ती नकाशा आणि माणसे यांच्या मधल्या जागेत. पायथ्याशी राहणारे कुटुंब वेळेत घराबाहेर पडते, तेव्हाच ज्वालामुखीचा इशारा पुरा होतो. तिथपर्यंतचा सगळा रस्ता या शास्त्राचाच भाग मानला पाहिजे आणि त्यावर यंत्रांइतकाच पैसा, वेळ आणि बुद्धी खर्च केली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

ते पटवण्याआधी ज्वालामुखी मुळात काय करतो हे पाहू. महाराष्ट्राची तर जमीनच त्याची साक्ष आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणारे आडवे थर हे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्हाचे थर आहेत. आज उरलेल्या या दख्खनच्या पठाराचा विस्तार सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भरतो. हा लाव्हा एवढा दूरवर पसरू शकला, कारण तो पातळ होता. भूगर्भातील वितळलेल्या खडकाला, म्हणजे शिलारसाला, पातळ किंवा घट्ट ठेवतो तो मुख्यतः त्यातील सिलिकाचा अंश. आपल्या काळ्या बेसाल्टात सिलिका निम्म्याच्या आसपास असते. पिनाटुबोसारख्या पर्वतांच्या शिलारसात ती साठ टक्क्यांच्या वर जाते. शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड विरघळलेले असतात. तो वर येऊ लागला की दाब कमी होतो आणि वायूंचे बुडबुडे धरतात. चुलीवरच्या पातळ पिठल्यातून वाफ निमूट निघून जाते, तर घट्ट रटरटणारे पिठले अंगावर उडते. शिलारसाचेही तसेच आहे. हवाईत किंवा आइसलंडमध्ये लाव्हा बहुतेक वेळा नदीसारखा वाहतो आणि माणसाला बाजूला होण्यापुरता अवधी मिळतो. घट्ट शिलारसाचे पर्वत मात्र आतल्या वायूंच्या दाबाने फुटतात.

जीव घेण्याच्या बाबतीत लाव्हाचा क्रमांक बराच खालचा आहे. खरे घातक असतात ते उष्ण वायू, राख आणि दगड यांचे जमिनीलगत धावणारे लोट. त्यांचे तापमान कित्येकशे अंश असते आणि वेग ताशी शंभर किलोमीटरच्या कितीतरी पुढे जातो. 8 मे 1902 रोजी कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर माँ पेलेच्या अशाच लोटाने सें प्येर हे शहर काही मिनिटांत नष्ट केले आणि सुमारे 28 हजार माणसे मारली. दुसरा मारेकरी म्हणजे चिखललोट. वितळलेला बर्फ किंवा पावसाचे पाणी सैल राखेत मिसळले की ओल्या काँक्रीटसारखा जड प्रवाह नदीच्या पात्रातून उतरतो आणि डोंगरापासून कित्येक किलोमीटर दूरची, उद्रेकाचा आवाजही न ऐकलेली गावे गाडून टाकतो. तिसरी राख. ती छपरांवर साचते, पावसाने भिजून जड होते आणि घरे खाली बसतात. या तिन्ही संकटांत एक गोष्ट समान आहे. ती अंगावर आल्यावर पळून वाचता येत नाही. पण ती कोणत्या वाटेने येतील हे पूर्वीच्या उद्रेकांच्या थरांवरून बऱ्याच अंशी आधी सांगता येते. त्यामुळे येथे वेळेआधीच्या माहितीला जेवढे मोल आहे, तेवढे फार थोड्या नैसर्गिक संकटांत असते.

ही माहिती मिळवण्याची साधने गेल्या पावणेदोनशे वर्षांत घडत गेली. व्हेसुव्हियसच्या उतारावर 1841 साली जगातील पहिली ज्वालामुखी वेधशाळा उभी राहिली. माँ पेलेचा विध्वंस पाहून आलेले अमेरिकन भूशास्त्रज्ञ थॉमस जॅगर यांना उद्रेकानंतर धावत जाऊन पाहणी करण्यातली व्यर्थता जाणवली. पर्वताजवळ राहून त्याची रोज नोंद ठेवली पाहिजे, या आग्रहातून त्यांनी 1912 साली हवाईत किलाउएआच्या काठावर कायमची वेधशाळा स्थापन केली. आज अशा वेधशाळा तीन गोष्टींवर विशेष लक्ष ठेवतात. वर सरकणारा शिलारस खडक फोडत येतो, म्हणून लहान लहान भूकंपांची संख्या आणि खोली मोजली जाते. तो जागा करून घेतो, म्हणून पर्वताचा पृष्ठभाग फुगतो. हा मिलिमीटर-सेंटिमीटरचा बदल कलमापक, जीपीएस आणि उपग्रहावरील रडार टिपतात. त्यातून वायू सुटतात, म्हणून सल्फर डायऑक्साइडचे रोजचे प्रमाण मोजतात. या तिन्ही खुणा एकाच दिशेने बोलू लागल्या की पर्वत जागा होत असल्याचे कळते. तो कोणत्या तारखेला फुटेल, किती मोठा फुटेल आणि फुटेल की नाही, याचे उत्तर मात्र शक्यतेच्या भाषेतच देता येते. पुढची सारी अडचण इथूनच सुरू होते, कारण शास्त्रज्ञ शक्यता सांगतो आणि घर सोडायचे की नाही हे ठरवणाऱ्या माणसाला हो किंवा नाही एवढेच हवे असते.

रुईझची हकिकत या अडचणीचे सर्वांत कठोर उदाहरण आहे. नोव्हेंबर 1984पासून पर्वत हलू लागला होता. 11 सप्टेंबर 1985 रोजी वाफेचा मोठा स्फोट झाला आणि एका दरीतून चिखललोट 27 किलोमीटर खाली उतरला. तोवर कोलंबियाची भूशास्त्र संस्था, विद्यापीठांतील अभ्यासक आणि परदेशी तज्ज्ञ कामाला लागले होते. 7 ऑक्टोबरला धोक्याचा नकाशा तयार झाला. त्यात पर्वतापासून सुमारे 74 किलोमीटरवर नदीच्या दरीच्या तोंडाशी वसलेले आर्मेरो हे 29 हजार वस्तीचे गाव चिखललोटाच्या वाटेत दाखवलेले होते. ही निव्वळ कल्पना नव्हती. त्याच जागी 1845 साली चिखललोटाने सुमारे हजार माणसे गाडली होती आणि नवे गाव त्या वाळलेल्या चिखलावरच उभे होते. तरी नकाशावर घबराट पसरवण्याचा आरोप झाला आणि आर्थिक नुकसानीची काळजी पुढे केली गेली. देशाचे लक्षही दुसरीकडे होते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात राजधानी बोगोटात बंडखोरांनी न्यायालयाची इमारत ताब्यात घेतली आणि लष्करी कारवाईत मोठा रक्तपात झाला.

13 नोव्हेंबरला दुपारी तीनच्या सुमारास पर्वतातून राख निघू लागली आणि पाचच्या सुमारास ती आर्मेरोवर पडू लागली. अधिकाऱ्यांची बैठक झाली, गाव हलवण्याची भाषा झाली. पण राख थांबली आणि निर्णयही थांबला. रेडिओवरून आणि चर्चमधून लोकांना शांत राहायला, घरात थांबायला सांगण्यात आले. रात्री नऊनंतर मुख्य उद्रेक झाला. तापलेल्या राखेने शिखरावरच्या बर्फाचा सुमारे दहावा भाग वितळवला आणि ते पाणी वाटेतली माती-दगड उचलत दऱ्यांतून उतरू लागले. लोट आर्मेरोत पोहोचला तो साडेअकराच्या सुमारास. म्हणजे उद्रेक झाल्यानंतरही दोन तासांहून अधिक वेळ हाताशी होता, गावाजवळ पायी गाठता येतील असे उंचवटे होते, आणि वरच्या भागातून इशारे देण्याचे प्रयत्नही झाले. पण वीज गेलेली, पाऊस पडत असलेला आणि संध्याकाळीच घरात राहा म्हणून सांगितलेले. गावातील सुमारे तीन चतुर्थांश लोक त्या रात्री मेले. या दुर्घटनेचा पुढे बारकाईने अभ्यास करणाऱ्या बॅरी वॉइट या शास्त्रज्ञाने निष्कर्ष काढला की तंत्रज्ञान येथे कमी पडले नव्हते. चुकीचे अंदाज, निर्णय घेण्यातील चालढकल आणि प्रशासनाची संकुचित दृष्टी या मानवी चुका एकावर एक साचत गेल्या होत्या. मला हा निष्कर्ष निर्विवाद वाटतो. आर्मेरोचे बळी वाचवायला नवा शोध लागायची गरज नव्हती.

रुईझनंतर जगभरच्या ज्वालामुखीशास्त्रज्ञांनी हा पराभव आपला मानला, ही या व्यवसायाच्या इतिहासातील मला सर्वांत आदरणीय वाटणारी गोष्ट आहे. दोष प्रशासनाचा होता असे म्हणून त्यांना हात झटकता आले असते. त्याऐवजी 1986 साली अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षणाने परदेशी मदत खात्याच्या साहाय्याने एक फिरते पथक उभारले. जो देश बोलावील तिथे यंत्रे घेऊन जायचे आणि तिथल्या शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करायचे, असे त्याचे स्वरूप होते. फ्रान्समधील मोरिस आणि कात्या क्राफ्त या दांपत्याने आयुष्यभर ज्वालामुखींच्या अगदी जवळ जाऊन चित्रण केले होते. आर्मेरोनंतर मोरिस यांनी त्या चित्रणातून सामान्य माणसासाठी एक चित्रफीत तयार करायला घेतली. उष्ण लोट म्हणजे काय, चिखललोट कसा येतो, राखेने छत कसे कोसळते, हे तीत डोळ्यांना दिसत होते. ज्याने कधी उद्रेक पाहिलेला नाही त्याला आकडे आणि आलेख दाखवून उपयोग होत नाही, ही साधी गोष्ट त्यांनी ओळखली होती.

या तयारीची परीक्षा पिनाटुबोत झाली. हा पर्वत सुमारे पाचशे वर्षे शांत होता, जंगलाने झाकलेला होता आणि तो ज्वालामुखी आहे हे परिसरातील बहुतेकांना माहीतही नव्हते. 2 एप्रिल 1991 रोजी उतारावर वाफेचे स्फोट झाले. रेमुंडो पुनोंग्बायान यांच्या नेतृत्वाखालील फिलिपाइन्सच्या संस्थेने लगेच भूकंपमापके बसवली आणि त्याच महिन्यात अमेरिकी पथक येऊन मिळाले. मेच्या मध्यावर रोजचा सल्फर डायऑक्साइड सुमारे 500 टन होता. महिनाअखेरीस तो 5 हजार टनांवर गेला आणि जूनच्या सुरुवातीला एकाएकी खाली आला. अननुभवी माणसाने हे शांत होण्याचे लक्षण मानले असते. शास्त्रज्ञांना वायूंची वाट बुजून आत दाब वाढत असावा अशी शंका आली. त्यांनी शक्यतेची किचकट भाषा बाजूला ठेवून एक ते पाच अशी सोपी इशारापातळी ठरवली होती आणि कोणत्या पातळीला कोणी काय करायचे हे अधिकाऱ्यांशी आधीच बोलून ठेवले होते. क्राफ्त यांची चित्रफीत अजून अंतिम रूपात आली नव्हती. तरी तिची कच्ची प्रत अधिकारी, लष्कर आणि गावकरी यांना पुन्हा पुन्हा दाखवली गेली. 9 जूनला पाचवी पातळी जाहीर झाली, दुसऱ्या दिवशी जवळच्या क्लार्क या अमेरिकी हवाई तळावरून सुमारे पंधरा हजार लोक हलवले गेले, गावांचे स्थलांतर दहा, वीस, तीस किलोमीटर असे टप्प्याटप्प्याने वाढत गेले. 15 जूनला पर्वत फुटला तेव्हा नेमके चक्रीवादळही येऊन थडकले होते. भिजलेल्या राखेने छपरे कोसळली आणि बहुतेक मृत्यू त्यातच झाले. तरीही या इशाऱ्यामुळे किमान पाच हजार जीव वाचले, असा अंदाज नंतर मांडला गेला.

पिनाटुबोचे यश पैशाचे आणि अमेरिकी तळाचे होते, हा पहिला आक्षेप. त्यात तथ्य आहे. तळ धोक्यात नसता तर हेलिकॉप्टरे आणि यंत्रे एवढ्या लवकर मिळाली असती का, हा प्रश्न रास्त आहे. पण यंत्रे आणि तज्ज्ञ, थोडे का होईना, रुईझलाही होते आणि नकाशाही होता. पिनाटुबोत जे नव्याने केले गेले त्यातील सर्वांत परिणामकारक भाग फारसा महाग नव्हता. पाच अंकांची पातळी, गावोगावच्या बैठका, एक चित्रफीत आणि एकाच तोंडाने बोलण्याची शिस्त यांना मोठा खर्च लागत नाही. त्यांना वेळ आणि चिकाटी लागते. उलट जिथे पैसा आणि लक्ष दोन्ही कमी पडले, तिथे पिनाटुबोही हरला. उतारावरून हलवलेल्या आएता आदिवासींच्या छावण्यांत गोवराची साथ आली आणि कित्येक मुले दगावली. आजार धरता पिनाटुबोच्या मृतांचा आकडा आठशेच्या पुढे जातो. माणसांना डोंगरावरून उतरवणे म्हणजे त्यांना वाचवणे नव्हे. उतरवल्यावर पाणी, लस आणि निवारा देणे हाही त्या इशाऱ्याचाच उत्तरार्ध आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इशारा खोटा ठरला तर काय? 1976 साली कॅरिबियनमधील ग्वादलुप बेटावर सूफ्रिएरचे स्फोट सुरू झाले आणि सत्तर हजारांहून अधिक लोकांना कित्येक महिने घरांबाहेर ठेवण्यात आले. ज्या मोठ्या उद्रेकाची भीती होती तो झालाच नाही. शेती, व्यापार, शाळा यांचे नुकसान मात्र झाले. त्यातच हारून ताझिएफ आणि क्लोद आलेग्र हे दोन नामवंत फ्रेंच शास्त्रज्ञ उद्रेकाच्या शक्यतेवरून जाहीरपणे भांडले. अशा अनुभवाने लोकांचा विश्वास उडतो आणि पुढच्या वेळी कोणी हलत नाही, असे म्हटले जाते. नऊ वर्षांनी आर्मेरोबाबत चालढकल करणाऱ्यांच्या मनातही फसव्या इशाऱ्याच्या खर्चाचीच भीती होती. माझे उत्तर असे की दोन्ही चुकांची किंमत सारखी नसते. विनाकारण हलवलेला माणूस रागावतो, पण तो परत येतो. न हलवलेला माणूस परत येत नाही. शिवाय लोकांचा विश्वास इशारा फसल्याने जेवढा जातो, त्यापेक्षा अधिक तो खात्रीचा आव आणल्याने आणि शास्त्रज्ञ एकमेकांवर जाहीरपणे तुटून पडल्याने जातो. अनिश्चितता आधीपासून मोकळेपणाने सांगितलेली असेल, तर दहापैकी सात वेळा काही न घडणे ही फसवणूक ठरत नाही.

तिसरा आक्षेप असा की काही उद्रेक मुळात ओळखताच येत नाहीत. 27 सप्टेंबर 2014 रोजी जपानच्या ओंताके पर्वतावर शनिवारची दुपार गाठून आलेले गिर्यारोहक असताना वाफेचा स्फोट झाला. इशारापातळी सर्वांत खालची होती; 63 जण मृत किंवा बेपत्ता झाले. 9 डिसेंबर 2019 रोजी न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर 47 जण असताना स्फोट झाला आणि 22 जण दगावले. या दोन्ही ठिकाणी जमिनीखालचे पाणी अकस्मात वाफ होऊन फुटले. अशा स्फोटांच्या पूर्वखुणा फार अंधुक असतात हे खरे आहे. पण दोन्ही घटनांना एकाच माळेत ओवणे योग्य नाही. व्हाकारीची पातळी तीन आठवडे आधीच वाढवलेली होती आणि सहली चालूच राहिल्या होत्या. तिथे प्रश्न पर्वताने खूण दिली की नाही हा उरत नाही. खूण मिळाल्यावर पर्यटकाला नेमके काय सांगितले गेले हा उरतो. ओंताकेसारख्या ठिकाणी शास्त्राची मर्यादा मान्य करून ती विवराजवळ जाणाऱ्या प्रत्येकाला समजेल अशी सांगणे हाच मार्ग आहे. सर्वांत खालची पातळी म्हणजे सुरक्षितता, असा अर्थ लोक काढत असतील, तर पातळीची भाषाच सुधारली पाहिजे.

ही मर्यादा शास्त्रज्ञांनी स्वतःच्या जिवावर मोजली आहे, हे विसरता कामा नये. 18 मे 1980 रोजी अमेरिकेतील सेंट हेलेन्सचा उत्तर उतार कोसळून पर्वत बाजूने फुटला तेव्हा सुमारे दहा किलोमीटरवरच्या निरीक्षण ठाण्यावर तीस वर्षांचे डेव्हिड जॉन्स्टन मारले गेले. पर्वताभोवतीचा भाग बंद ठेवावा असा आग्रह धरणाऱ्यांत ते होते आणि तो बंद असल्यामुळेच मृतांची संख्या 57वर थांबली. त्या ठाण्यावर त्यांच्या आधी काम करणारे हॅरी ग्लिकन पुढे 3 जून 1991 रोजी जपानच्या उन्झेनवर क्राफ्त दांपत्यासोबत मरण पावले. त्या दिवशी एकूण 43 माणसे गेली. त्यानंतर बाराच दिवसांनी पिनाटुबो फुटला. 14 जानेवारी 1993 रोजी कोलंबियातील गालेरासच्या विवरात सहा शास्त्रज्ञ आणि तीन पर्यटक मेले. यातील काही जण अति जवळ गेले होते, अशी टीका झाली आणि ती ऐकून घेण्याजोगी आहे. उपग्रह आणि दूरनियंत्रित यंत्रे जे काम करू शकतात त्यासाठी माणूस विवरात उतरवू नये, हा धडा या मृत्यूंनीच दिला.

शेवटचा आक्षेप सामान्य माणसाकडे बोट दाखवतो. लोक ऐकत नाहीत, श्रद्धेला चिकटून बसतात, मग शास्त्रज्ञ काय करणार? इंडोनेशियातील मेरापीचे उदाहरण त्यासाठी नेहमी दिले जाते. पर्वताचे पारंपरिक राखणदार मानले गेलेले वृद्ध मरिजान यांनी ऑक्टोबर 2010मध्ये घर सोडायला नकार दिला आणि 26 तारखेच्या उष्ण लोटात ते आणि त्यांच्याजवळ थांबलेले कित्येक जण मरण पावले. पण या घटनेची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. 2006च्या उद्रेकातही ते हलले नव्हते आणि वाचले होते, त्यामुळे त्यांचा शब्द आणखी वजनदार झाला होता. लोक अनुभवावरूनच निष्कर्ष काढत होते, फक्त अनुभव अपुरा होता. शिवाय गुरेढोरे मागे सोडून गेलेला शेतकरी दिवसा चारा घालायला परत येतो, तो हट्टापायी नव्हे. ती त्याची सारी पुंजी असते. आणि याच मेरापीवर लोकांनी ऐकलेही. इंडोनेशियाच्या ज्वालामुखी संस्थेचे प्रमुख सुरोनो यांनी रोज साध्या भाषेत परिस्थिती सांगितली, 5 नोव्हेंबरच्या सर्वांत मोठ्या उद्रेकाच्या वेळी धोक्याची हद्द वीस किलोमीटरपर्यंत वाढवली आणि तीन लाखांहून अधिक लोक हलले. साडेतीनशेहून अधिक मृत्यू झाले, तरी दहा ते वीस हजार जीव वाचले असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्या सांगण्यावरून माणूस घर सोडतो. तो विश्वास उद्रेकाच्या आदल्या दिवशी उभा करता येत नाही.

भारतात हे संकट दारात नाही. अंदमानातील बॅरन बेट हा आपला एकमेव सक्रिय ज्वालामुखी. दीडशेहून अधिक वर्षांच्या शांततेनंतर तो 1991 साली जागा झाला. जानेवारी 2017मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ जवळच्या समुद्रतळाचे नमुने गोळा करत असताना त्यांनी तो राख ओकताना पाहिला. तिथे वस्ती नाही, म्हणून आपल्याला आर्मेरोचा प्रसंग येणार नाही. पण जगात सुमारे 80 कोटी लोक कोणत्या ना कोणत्या ज्वालामुखीपासून शंभर किलोमीटरच्या आत राहतात, आणि त्यांतील पुष्कळ पर्वतांवर आजही पुरेशी यंत्रे नाहीत. यंत्रे बसतील तेव्हा त्यांच्यासोबत शाळांत जाणारी, गावसभेत बोलणारी, स्थानिक भाषेत नकाशा समजावणारी माणसेही नेमली गेली पाहिजेत. आइसलंडने 10 नोव्हेंबर 2023च्या रात्री ग्रिंडाविक हे सुमारे 3,800 वस्तीचे गाव काही तासांत रिकामे केले. पहिला उद्रेक झाला तो पाच आठवड्यांनी, आणि जानेवारीत लाव्हाने गावातील घरे गिळली, पण त्या लाव्हाने कोणाचाही जीव घेतला नाही. त्या पाच आठवड्यांत काय चालले आहे हे गावकऱ्यांना सतत सांगितले जात होते. ज्वालामुखीशास्त्रज्ञाने शांत वर्षांत अशा कामासाठी पैसे मागितले तर, पर्वत तर झोपला आहे, हे उत्तर कोणत्याही सरकारने देऊ नये. लोकांना तयार करण्याचे काम पर्वत झोपलेला असतानाच करता येते.